आयलेनचा घास

पोर्तो मोंत, ४ मार्च १९९६

ती. एदेलमिराआईंना,
नोल्फाचा सा. न. वि. वि.

तुमची नात आयलेन आता अडीच वर्षांची झाली, पण दूध अजून नाकातल्या नळीनंच पोटात जातं. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटते, जिभेला काही लागलं की ओकते. डॉक्टर म्हणतात, जूनमध्ये हिवाळा लागेपर्यंत खायला लागली नाही तर पोटाला भोक पाडून नळी तिथून घालायची. मला ते ऐकवत नाही. तुमचा निबाल्दो बोटीवरून रेडिओवर रोज विचारतो, पोरगी जेवली का? मी थोडं खाल्लं म्हणून खोटंच सांगते. तुम्ही सहा मुलं वाढवलीत. काहीतरी सुचवा.

आमच्यावर लोभ आहेच, आयलेनवर जरा जास्त करा.
तुमची नोल्फा

चिलोए बेट, १७ मार्च

चि. सौ. नोल्फास, अ. आ.

तू तिला फार लाडावलंस बाई. तुझा नवरा तरी कुठे सरळ होता? लापशी पाहिली की कोंबड्यांच्या खुराड्यात लपायचा. मी मांडीत दाबून नाक धरायची, तोंड उघडलं की चमचा आत. आज बघ, दारातून आत येताना वाकावं लागतं त्याला. मन घट्ट कर. लाँचवाल्याकडे बटाटे दिलेत, कुस्करून भरव. पोरीला माझे पापे.

तुझी सासू, पण वैरीण नव्हे,
एदेलमिरा

पोर्तो मोंत, ११ एप्रिल

ती. आईंना, सा. न.

तुम्ही लिहिलंत तसं केलं. घास छातीत गेला. पोरगी निळी पडली. आठवडाभर हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती. आता मी नुसती वाकले तरी दोन्ही हातांनी तोंड झाकते. तुमच्यावर राग आहे, लपवत नाही. पण चमचा माझ्या हातात होता.

इथे रोसाउरा नावाच्या बाई मुलांना गिळायला शिकवतात. त्यांनी विचारलं, तुम्ही घरात जेवता कधी? मी म्हटलं, ती झोपली की, ओट्यापाशी उभ्यानं. तिच्यासमोर कसं खाऊ? त्या म्हणाल्या, मग तिनं माणूस जेवताना पाहिलाय तरी कधी? भरवायचं नाही, तिला घेऊन नुसतं जेवायला बसायचं, म्हणाल्या. पण तिच्या देखत माझ्याच घशाखाली घास उतरत नाही. तुमच्याकडे आणू का? तिला कोणी काही भरवणार नाही एवढं कबूल करा.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.
नोल्फा

चिलोए, २ जून

चि. निबाल्दोस, अ. आ.

बायको-मुलगी इथून कालच्या लाँचनं गेल्या. तुला खरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. आयलेन जेवत नाही. पहिले काही दिवस आम्ही ताटं मांडली की ती टेबलाखाली जाऊन बसायची. भरवणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून मी हात ॲप्रनखाली धरून बसले, इतकं अवघड काम जन्मात केलं नाही. मग एकदा वर आली. बटाट्यात बोटं घातली, केसांना फासली, तुझ्या धाकट्या भावाच्या नाकाला फासली. तो हसला, तीही हसली. जायच्या आधी एक बोट चोखलं. ओकली नाही. एवढंच झालं. वजन मात्र उतरलंय, ऑपरेशन टळत नाही. नोल्फा सुकून काटकी झालीय. तिच्या ताटात मी हक्कानं वाढलं, तिनं निमूट खाल्लं.

रेडिओवर पोरगी जेवली का विचारू नकोस. बायको जेवली का विचार.

तुझी आई

पोर्तो मोंत, २१ ऑगस्ट

ती. आईंना,
नोल्फाचा सा. न. वि. वि.

पोटातली नळी बसली, अजून हॉस्पिटलातच आहोत. झाकणासारखं बटण आहे, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. डॉक्टर म्हणतात, तोंडानं जेवायला वर्षं लागतील, कदाचित पुरतं कधीच जमणार नाही. नाक मात्र मोकळं झालंय. तिचा अख्खा चेहरा मी आत्ता पाहतेय.

आज दुपारी मी औषध आणायला खाली गेले होते. परत आले तर शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आजी कंबरेवर हात ठेवून उभी. मला म्हणाली, तुमच्या पोरीला काही वळण लावा, माझ्या कपातला पाव पळवला तिनं, दुधात भिजवून ठेवलेला. आयलेनची हनुवटी ओली होती. मुठीतला गर ती चोखत होती, माझ्याकडे बघत होती, आणि मूठ काही सोडत नव्हती.

मी बाईंची माफी मागितली. आई, माझ्याकडे माझ्या मुलीची तक्रार आजवर कोणी केली नव्हती.

लोभ आहे, तो राहू द्या.
तुमची नोल्फा