जीप पाठवू नका

मुकुटबन

अपेक्षाच्या आबाले, तिच्या आजीचा दुरूनच वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाले अर्धं ऐकू येते अन् उरलेलं शेजाऱ्याइले, म्हणून हे पत्र. मी सांगून राह्यली, नात अपेक्षाच लिहून राह्यली.

पोरगी इथं सासरी बरी आहे. पोटाले खाज सुटली, तवा मी म्हटलं, बाळाले जावळ येऊन राह्यलं. छातीही भरून आली, चोळ्या पुरत नाहीत, पिवळसर दूध आताच पाझरते. "आजी, आबाले असं लिहितेत काय?" म्हणते. म्हटलं लिही, त्याइनं पाच लेकरं पाह्यले!

पण मंग तळहात, तळपाय खाजवायले लागले. पुरळ नाही, अन् झोपही नाही. खोबरेल चोळून मी थकली. जावळ काही तळपायाले येत नाही, इतकं मलेही समजते. दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणे, लिव्हरवर ताण आहे. गोळ्या दिल्या. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण ते घडीघडी पाहावं लागते, दूर नेऊ नका म्हणे.

म्हणून तिले माहेरी, आपल्या बोरीले न्यायले जीप पाठवू नका. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मले कायले सांगता? मीच साऱ्या बोरीले सांगत आली. पण आता नाही.

सूनबाई, पोरीची माय, रडत असन, तिले समजवा. तुम्ही वेळेवर जेवता ना?

तुम्हीच इकडे या. लेकरू होईपर्यंत पोरीच्या सासरचं पाणी पीत नाही म्हणता, तर आपली कळशी घेऊन या. लेकरू रडलं का इथल्याच माठातलं पाजतो तुम्हाले.

अक्षर नातीचं, अंगठा तुमच्या अनसूयाचा.