चिमीच्या दाढेतला पारा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा खाली वाकून (आणि कंबर धरून) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजून अंगावरच काढताहेत? आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे आज आहोत. गेल्या आठवड्याचं विचारू नकोस.

झालं असं, की चिमीची दाढ किडली. पोरगी घास एका गालात धरून बसायची. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांदी भरू. मला बरंच वाटलं (आपल्या घराण्यात तोंडात तरी चांदी येतेय), पण हिने घरी येऊन मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि किंचाळलीच, "अहो, त्यात निम्मा पारा असतो!" मी आधी घरातला थर्मामीटर माळ्यावर टाकला (का, ते मला विचारू नकोस) आणि चिमीला घेऊन तसाच दवाखाना गाठला.

तिथे माझा आवाज असा काही चढला, की बाहेर बसलेले एक गृहस्थ दुखरा दात घेऊन घरी निघून गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पारा असतो खरा, पण तो इतर धातूंत मिसळून घट्ट बसतो. वाफ सुटते ती अगदी किंचित, आणि तिने मुलांना अपाय झाल्याचं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. तरी लहान मुलांत तो टाळावा असंच हल्ली सांगतात. चांदीऐवजी दातासारखं पांढरं भरता येईल. फक्त दाढ कोरडी राहायला हवी, पोर हललं की सगळं फसतं, म्हणून चांदी सुचवली. मी पुढचा प्रश्न जुळवतोय तोवर चिमी आपणहून खुर्चीत चढून बसली होती. "बाबा, तुम्ही नंतर भांडा ना. माझी दाढ दुखतेय."

ताई, पोरगी तसूभर हलली नाही, पांढरंच भरून झालं. मशीन सुरू झाल्यावर आडवं व्हावं लागलं ते मला, बाहेरच्या बाकावर. चिमी आता दोन्ही गालांनी जेवते.

वडिलांना हे कळवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाकावर मी आ वासून पडलो होतो, तेव्हा बाईंनी आत डोकावून घेतलं. माझ्या तोंडात लहानपणीच्या चार चांद्या आहेत म्हणे (ही म्हणते, डोकं तापतं ते यामुळेच). तीन ठणठणीत, त्यांना हात लावायचा नाही. चौथीखाली मात्र कीड आहे. सोमवारी बोलावलंय. तू येऊन हात धरशील का? हिला सुट्टी नाही, आणि चिमी यायला तयार आहे, पण ती हसेल.

आणखी एक : पांढरं भरू की चांदी, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, जे लवकर उरकेल ते. मग त्यात पारा असो नाहीतर डांबर.