आपल्या घरचा पिवळेपणा

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सलून बरं चाललंय. न्हाव्यासमोर दिवसभर आरसा, त्यामुळे स्वतःचं तोंड चुकवता येत नाही. डोळे पुन्हा पिवळे झालेत. गिऱ्हाइकं विचारतात, तेव्हा सांगतो, आबांनी इस्टेट म्हणून एवढंच ठेवलं. या वेळी अंगालाही खाज सुटते, उभं राहून दमायला होतं. ही तपासणीसाठी हात धुऊन मागे लागलीय. तू म्हणशील तसं करू.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
अरे, पिवळ्या डोळ्यांना भ्यायचं तर आपल्या घरात जन्माला कशाला आलास? उपास घडला, जागरण झालं की आबांचे, तुझे, माझे डोळे पिवळेधमक. रक्तातूनच आलेली कावीळ आहे, काही अपाय नाही, असं डॉक्टरांनी आपल्या लहानपणीच सांगितलंय. वहिनीला म्हणावं, सासरचा रंग ओळखायला शिक. वेळेवर जेव, झोप काढ.
थट्टेचा राग नसावा, लोभ असावा.
ताई

२ ऑगस्ट
ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.
यांच्या हाताला कंप सुटलाय, म्हणून मी लिहिते. दुकानातच यांना रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, दुखणी दोन आहेत. घरचा पिवळेपणा निरुपद्रवीच. पण त्याच्याआड यकृताची सूज कित्येक वर्षं चालू होती. घरात असा पिवळेपणा नसलेला कुणी डोळे बघून तेव्हाच डॉक्टरांकडे धावत आला असता. आता यकृत दगड झालंय, पोटात पाणी भरतं. दुसरं यकृत बसवावं, तर ते सोसण्याची ताकद उरलेली नाही.
हे म्हणतात, ताईला बोल लावू नकोस, तिनं मायेनंच लिहिलं. मी लावत नाही. पण राग येतो, वन्सं, फार येतो. तुम्हीही तपासून घ्या.
आशीर्वाद असू द्या. मागायला दुसरं काही सुचत नाही.
तुमची वहिनी

१९ ऑगस्ट
चि. सौ. वहिनीस,
आशीर्वाद.
तपासून घेतलं. माझं यकृत ठणठणीत आहे. माझा पिवळेपणा नुसता घरचाच निघाला. नर्स हसून अभिनंदन करत होती आणि मी बाकावर बसून ढसाढसा रडले. एवढी चांगली बातमी मला सोसवेना.
उद्या निघते. मला वाट्टेल ते बोल, पण गप्प राहू नकोस. जागरणानं माझे डोळे हुबेहूब त्याच्यासारखे झालेत. झोप मिळाली की माझे पांढरे होतील. त्याआधी दारात दिसले तर तोंड फिरवू नकोस.
रागातून उरेल तेवढा लोभ ठेव.
ताई