एकशे चव्वेचाळीस खुर्च्या

३ फेब्रुवारी, सकाळ
शेवटी मला काम मिळालं. लेकीच्या रिसेप्शनचा हॉल, जेवण, फुलं, फोटोग्राफर, सगळं मायलेकींनी परस्पर उरकलं होतं. मी रिटायर होऊन चार वर्षं झाली, म्हणजे मी संपलो, असा घरात समज आहे. आज लेक म्हणाली, बाबा, कोण कुठे बसणार तेवढं तुम्ही बघा. मी मुद्दाम लगेच हो म्हटलं नाही. चार सेकंद थांबलो.
पाहुणे १४४. टेबलं १८. प्रत्येकी आठ. बाकी शून्य. सुरुवात तरी उत्तम आहे.

३ फेब्रुवारी, दुपार
शाळेत एकतीस वर्षं परीक्षांची बैठक व्यवस्था माझ्याकडे होती. एकदाही कॉपी झाली नाही. (एकदा झाली, पण त्या दिवशी मी रजेवर होतो.) त्या मानानं लग्नाचे पाहुणे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. उद्या संध्याकाळपर्यंत संपवतो.

५ फेब्रुवारी
संपलं नाही. ग्राफपेपर संपला.
लेकीचं म्हणणं, दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळली पाहिजेत, हॉलभर गप्पा ऐकू आल्या पाहिजेत. सोपं आहे. एक आपला, एक त्यांचा, एक आपला, एक त्यांचा. एका घरातले दोघे एका टेबलावर नकोत. नवरा-बायको तर नकोतच. एकमेकांच्या ताटात डोकावायची सवय तिथूनच लागते.
हिनं विचारलं, शेजारी ओळखीचं कोणी नसेल तर माणसं बोलणार कोणाशी? एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही मुख्याध्यापकांनी विचारला नव्हता.

७ फेब्रुवारी
मेव्हणीचा फोन. नवऱ्याला कमी ऐकू येतं, तो आपल्या शेजारीच हवा म्हणते. एकाला सूट दिली की नियम गेला. तिला टेबल ३, त्यांना टेबल १६. डोळ्यांसमोर राहतील असं बघतो म्हटलं. खोटं नाही. दोन्ही टेबलं सरळ रेषेत आहेत.

८ फेब्रुवारी
कोणाला कुठलं टेबल, ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो आहे. शेवटी दादाची चिठ्ठी उरली.
दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्या निरोप समारंभात, शाळेच्या सगळ्या स्टाफसमोर, माइक हातात घेऊन म्हणाला होता की आमच्या धाकट्याला माणसं कळत नाहीत, फक्त त्यांचे नंबर कळतात. सगळे हसले. मुख्याध्यापक तर डोळे पुसत होते. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. मी मात्र ते केव्हाच विसरलो. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी म्हणाला होता.
त्याला जागा आली टेबल १८, खुर्ची ६. खांबाआड. आता पद्धतीनुसार आली त्याला मी काय करणार.

१० फेब्रुवारी
हिनं चार्ट पाहिला. सगळं सोडून नेमकं विचारलं, भावजींना खांबामागे का टाकलं? मी पद्धत समजावली. ही म्हणाली, पद्धतीला बरा तुमचाच भाऊ सापडला.
वाद नको म्हणून दादाच्या टेबलाची नव्यानं चिठ्ठी काढली. टेबल ४ आलं, अगदी स्टेजसमोर. पण एका चिठ्ठीवर किती विश्वास ठेवायचा. सहाव्या वेळी टेबल १८ आलं. विज्ञानात याला पडताळा म्हणतात.

१३ फेब्रुवारी
लेकीनं काकाला स्वतः फोन केला. तो येतो आहे. लेक मला म्हणाली, बाबा, मला त्या दिवशी दुसरं काही नको, तुम्ही दोघं बोलताना दिसा. मी म्हटलं, पाहुण्यांची विचारपूस करणं हे यजमानाचं कर्तव्यच आहे. टेबल १ पासून सुरुवात करणार आहे. वेळ उरला तर १८ पर्यंत पोहोचेन.

१५ फेब्रुवारी
हॉलची पाहणी. हॉलचा मॅनेजर म्हणाला, साहेब, माणसं आपापली बसतात हो. अननुभवी असावा. (वीस वर्षं हॉल चालवतो.) सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर मी नंबर चिकटवले. खांब वाटला होता त्यापेक्षा जाड निघाला. थोडं वाईट वाटलं. मग निरोप समारंभ आठवला. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०
यादीच्या पाठीवर लिहितो आहे. दाराशी मी जातीनं उभा. सगळे आपापल्या नंबरवर. दादा आला. त्याला यादीत बोट ठेवून १८-६ दाखवलं. तोंड उघडावं लागलं नाही. तो मान हलवून गेला.

७.३०
टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एवढी माणसं आणि आवाज फक्त चमच्यांचा. व्याही एका बाजूला आमचे दंतवैद्य आणि दुसऱ्या बाजूला आमचा दूधवाला यांच्यामध्ये ताठ बसलेत. अशी शिस्त वार्षिक परीक्षेलाही पाहिली नव्हती.

७.४०
लेक स्टेजवरून हॉलकडे बघते आहे. डोळे भरलेत. आनंदानं असावेत.

७.४५
तसं दिसत नाही.

७.५०
मेव्हणी उठली आणि स्वतःची खुर्ची, नंबरासकट, उचलून टेबल १६ कडे निघाली. मी तिला जागेवर बसण्याची सूचना दिली. तिनं मला खुर्चीची दुसरी बाजू धरायला सांगितलं. धरली.

८.०५
बांध फुटला. आधी खुर्च्या ओढल्याचा आवाज, मग हसण्याचा. टेबल ७ वर पंधरा माणसं, टेबल ११ वर चिटपाखरू नाही. व्याही गेले ते दूधवाल्यालाही हाताला धरून घेऊन गेले. तीन जणांना मी जागेवर जायला सांगितलं. तिघांनी मला वेटर समजून पाणी मागितलं. लेक हसते आहे.

८.२०
अख्ख्या हॉलमध्ये माझी पद्धत पाळणारा एकच माणूस उरला आहे. टेबल १८, खुर्ची ६. त्याच्या टेबलावरच्या बाकी सातही खुर्च्या लोकांनी पळवल्या. खांबाकडे तोंड करून एकटा जेवतो आहे. मला बघवत नाही.

१७ फेब्रुवारी
काल पुढे लिहिलं नाही. हात मोकळे नव्हते.
मी दादाजवळ गेलो. यजमानाचं कर्तव्य म्हणून. विचारलं, सगळे उठले, मग तूच का बसून राहिलास? तो म्हणाला, तू बसवलंस म्हणून. चार वर्षांत पहिल्यांदा तू मला काहीतरी दाखवलंस, ते तरी कशाला मोडू.
मला लाज वाटली. कर्तव्यबिर्तव्य नाही, साधी लाज. सहा वेळा चिठ्ठ्या काढल्याचं त्याला सांगून टाकलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि टेबल ७ वरचे पंधरा जण वळून बघायला लागले. मग मी त्याला उठवलं, त्याची खुर्ची उचलली आणि थेट स्टेजसमोर नेऊन ठेवली. शेजारी माझ्यासाठी एक आणली. नंबर बघितला नाही. (११-३ होता.) हॉल रिकामा होईपर्यंत आम्ही बोलत होतो. लेकीनं दोनदा फोटोग्राफरला आमच्याकडे पिटाळलं.
निघताना दादा म्हणाला, पुढच्या महिन्यात त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न आहे. मला माहीतच नव्हतं. मी ताबडतोब विचारलं, पाहुणे किती, टेबलं किती, हॉलचा नकाशा आहे का?
दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुला काही काम नाही. तू नुसता येऊन बस.
हो म्हटलं. कुठे बसायचं ते विचारायचं राहून गेलं.