एकही खिळा नाही

ऑकलंड, रविवार

बाबांना तविताचा नमस्कार,

सहा वल्ही आणि बावीस हात लांबीची होडी, एवढं यंदा माझ्या हातांनी केलं. होडीत खिळा एकही नाही. तिकडे बेटावर गावच्या बैठकीत बसून तुम्ही वळता त्याच सुंभाने फळ्या बांधल्या. पहिल्या गाठी सुटल्या तेव्हा तुमची सून फिलेमू म्हणाली, "अहो, एकोणीस वर्षं गोदामात खोकी मोजलीत, आता बुडायची एवढी घाई?" काल तीच पुढे बसली. आत पाणी आलं पाऊण वाटी. चर्चच्या मंडळींनी आणखी दोन होड्या सांगितल्यात.

हे सगळं तुमच्या सुंभामुळे. गुडघा कसा आहे? इथे रोज मासळी नसते, पण पोट भरतं.

तुमच्यापासून लपवत नाही: गोदामवाल्यांनी मुख्य म्हणून परत बोलावलं होतं. मी नको म्हणालो. वर्षाला पंच्याण्णव हजार डॉलर देत होते.