नानांचा न धाडलेला निरोप

लष्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी २०२५

चि. दुर्गास, जगदेवदादाचे अनेक आशीर्वाद.

परवा पाटणकर बाजारात तीळगुळाची गजक घेतली आणि तू आठवलीस. नाना आपल्या दोघांत एकच पुडा द्यायचे आणि तू भांडून मोठा वाटा लाटायचीस. काय दिवस होते ते!

फोनवर बोलवत नाही ते लिहितो. सत्तावीस वर्षांपूर्वी नाना अंथरुणाला खिळले, तेव्हा मला म्हणाले होते की दुर्गाला बोलाव, ती ख्रिस्ती झाली त्याचा राग आता उरला नाही. मी तुला कळवलंच नाही. त्यांना सांगितलं, ती येत नाही म्हणाली. त्यांचा राग निवला होता, माझा नव्हता. नाना दाराकडे बघत गेले.

तेव्हापासून सोमवार धरले, उज्जैनला जाऊन आलो, पण मन हलकं होत नाही. तुमच्यात म्हणे पश्चात्तापाने पाप धुतलं जातं. खरं का गं? की आणखी काही करावं लागतं?

सुमन तुझी आठवण काढते. हे वाचूनही लोभ उरला तर कळव.

तुझा दादा

झाशी
२० जानेवारी २०२५

ती. दादास, दुर्गाचा नमस्कार आणि आमच्या रीतीचा सलाम.

मोठा वाटा तूच घ्यायचास, उगाच माझ्यावर ढकलू नकोस!

दादा, हे सगळं मला ठाऊक आहे. सुमनवहिनीने बारा वर्षांपूर्वीच सांगितलं. वर्षभर तुझं नाव प्रार्थनेतसुद्धा घेतलं नाही, इतकी चिडले होते. मग एका रविवारी तुला माफ केलं आणि त्या वर्षापासून भाऊबीजेला यायला लागले. तुला वाटत असेल, हिला माहीत नाही म्हणून ओवाळते. माहीत असूनच ओवाळत होते.

पश्चात्ताप हवाच, तो तुझा झाला. पण त्याने क्षमा विकत मिळत नाही. प्रभूने ती आधीच देऊन ठेवली आहे, माणसाने विश्वासाने घ्यायची, असं आम्ही मानतो. माझी क्षमाही घे आता.

वहिनीला रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी दुर्गा

ग्वाल्हेर
२७ जानेवारी २०२५

चि. दुर्गास, आशीर्वाद.

तुझं पत्र निम्मं मी वाचलं, उरलेलं सुमनने वाचून दाखवलं, कारण मला अक्षरं दिसेनात. तिने एवढी वर्षं पत्ता लागू दिला नाही. रागावणार होतो, पण कुठल्या तोंडाने?

तुझा देव मला अजून नीट कळत नाही. तू खोटं बोलत नाहीस, एवढा विश्वास मात्र आहे. उपास सोपे होते गं, नुसतं घेणं जड जातंय.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. या वेळी मी काहीही न घेता येतोय.

तुझा दादा