काडीमोडाच्या चरातून

मुक्काम बेर्ग, सात हौदांच्या वरचा धक्का
मंगळवार, चौदा जुलै

आदरणीय मेहुणे हाल्वार यांस,

सिक्स्तेनचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण तुम्ही माझ्या गळ्यात बांधलेल्या या बोटीत आठही अंगं एका वेळी टेकतील एवढी जागा नाही. तुमचा गुडघा कसा आहे? बेर्तावहिनींची पाठ? सगळे ठणठणीत असा, कारण मला जे म्हणायचं आहे ते आजारी माणसाला म्हणता येत नाही.

तीन दिवस तुम्ही फोन उचलत नाही. एकदाच उचललात आणि 'राँग नंबर' म्हणालात. मला, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला! मागे कुणीतरी कॉफी ढवळून चमचा कपाच्या काठावर दोनदा आपटला. तो आवाज मी एकेचाळीस वर्षं रोज सकाळी ऐकतो आहे. (छपरावर उभं राहून खाली कोणता कामगार कुणाला काय म्हणाला हे ऐकून मी धंदा वाढवला, माझे कान विकले गेलेले नाहीत, फक्त वर्कशॉप विकलं आहे.) तेव्हा माझी बायको, तुमची लाडकी सोल्वेग, तुमच्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून गप्प बसतो. पत्र पेटीत पडलं की फोडेपर्यंत बेर्तावहिनी तुम्हाला जेवू देत नाहीत.

ही यात्रा कुणाच्या डोक्यातून निघाली ते आधी लिहून ठेवतो. नाताळात तुमच्याच टेबलावर, हेरिंग माशाचा तिसरा तुकडा तोंडात असताना, तुम्ही म्हणालात की आयुष्यभर छपरांचे पत्रे ठोकलेस, आता बायकोला घेऊन पाण्यावर जा, पूर्वेच्या मेम गावापासून पश्चिमेपर्यंत कालवे, तळी, बदकं, दोघं पुन्हा नवी व्हाल. वर कालव्याला 'देशाची निळी फीत' म्हणालात. अख्खा देश त्याला 'काडीमोडाचा चर' म्हणतो, मेहुणे! नवरा-बायको एका टोकाला शिरतात आणि दुसऱ्या टोकाला दोन वकील बाहेर पडतात. हे मला सॉदर्शॉपिंग गावातल्या आइस्क्रीमवाल्यानं सांगितलं, तेही पैसे घेतल्यावर. तुम्ही तीस वर्षं बोटी विकता. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका.

दोष हौदांचा आहे. बोट हौदात घ्या, मागचं दार बंद होतं, पुढून धबधबा सुटतो आणि बोट बाटलीतल्या बुचासारखी नाचत वर चढते. एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं काठावर उभं राहून दोर ओढायचा. चाक माझ्याकडे होतं, दोर सोल्वेगकडे. आता दोराची ढील ओढून घ्यायची असली की आपल्याकडे 'घरी घे' म्हणतात. तुमच्या वडिलांपासून सगळे तेच म्हणतात. मी त्याचं नुसतं 'घरी!' केलं. पाणी गर्जत असताना व्याकरण कोण सांभाळतो? छपरावरून खाली हळू बोलून कधी कुणाचा पत्रा बसलेला नाही.

रॉक्सेन तळ्यावर, म्हणजे चौथ्या दिवशी, वारा पडला होता, पाणी ताटासारखं, मी खुशीत होतो. तेव्हा ती म्हणाली, "चार दिवसांत तू माझ्याशी पाच शब्द बोललास." मी मोजले. धर, सोड, घट्ट, नीट, घरी. पाचच निघाले. मग मी तिला सहाव्या शब्दाची आठवण करून दिली: 'अगं'. यात चिडण्यासारखं काय होतं? पण ती बोटीच्या नाकावर जाऊन बसली आणि बटाटे सोलताना साली पाण्यात न टाकता माझ्या बुटांच्या दिशेनं टाकू लागली.

दुसऱ्या दिवशी बेर्गची शिडी. सात हौद, एकाला एक लागून. दोन्ही काठांवर माणसं आइस्क्रीम चाटत बसलेली, जत्रेत कुस्त्या पाहायला बसावं तशी. पुढच्या रांगेत घडीच्या खुर्चीवर अस्ता नावाची एक म्हातारी, थर्मास आणि दालचिनीचे बन घेऊन. ती उन्हाळाभर रोज येते. तिसऱ्या हौदाला तिनं शेजारणीला हळूच सांगितलं (माझ्या कानांसाठी पुरेसं मोठ्यानं) की बायकोनं पर्स खांद्याला अडकवली आहे, पाचव्याला जाईल. मी मनात म्हटलं, म्हातारे, तू सोल्वेगला ओळखत नाहीस.

पाचव्या हौदात पाणी उसळलं, दोर सैल पडला आणि मी ओरडलो, "घरी! अगं, घरी!" सोल्वेगनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. पुढचा दोर गवतावर ठेवला, पर्स सारखी केली आणि लिंशॉपिंग शहराच्या बसकडे चालू लागली. शब्दाचा अर्थ कळला नाही असं समजू नका. नावाड्याची मुलगी आहे ती. अर्थ कळूनच गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मेहुणे. माझी बोट आडवी होऊन मागच्या एका दाताच्या डॉक्टरच्या बोटीला टेकली आणि तो बिचारा स्वतःच 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिला. शेवटी अस्तानं बन तोंडात धरून दोर उचलला आणि मला दोन हौद वर आणलं. वर आल्यावर मी बोलायचं ते सगळं बोललो, तुमच्या खानदानासकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मागचा दोर ती कडीत दोन वेढे देऊन गेली रे. टाकून जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या वेढे देत बसत नाहीत."

ते असो. तुमची बोट घेऊन जा. एकट्याला या कालव्यात पुढे जाता येत नाही, मागेही जाता येत नाही. मी इथे पाच दिवस बदकांना बटाटे घालतो आहे आणि बदकंसुद्धा आता टाळतात. येत्या रविवारी या, चावी घ्या, आणि यापुढे जेवणाच्या टेबलावर मला सल्ला देऊ नका.

तुमचा अत्यंत संतापलेला,
सिक्स्तेन

ता. क. रविवारी येऊ नका. बोट नेऊ नका. इंजिन तसं बरं आहे.

ता. क. २. अस्ता म्हणते, बारा वर्षांची असताना सोल्वेग वडिलांची बोट वादळात एकटीनं धक्क्याला लावायची. म्हातारीला हे सोल्वेगनं पहिल्या हौदावर पाच मिनिटांत सांगितलं. मला एकेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. (मी विचारलं नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका.) तिला विचारा, चाक ती धरेल का. दोर मी धरेन.

ता. क. ३. हे वहिनींना वाचून दाखवू नका. हौदाचे काठ शेवाळलेले असतात आणि खाली दोन पुरुष खोल पाणी. मला पोहता येत नाही. पोरं पोहायला शिकत होती तेव्हा मी छपरावर पत्रे वाहत होतो. दर उन्हाळ्यात तुम्ही सगळे पाण्यात उड्या मारता आणि मी काठावर सॉसेज भाजत उभा राहतो. तुम्हाला वाटतं, कामसू माणूस. चाक मी कप्तान व्हायच्या हौसेनं धरलं नव्हतं. हे सोल्वेगला माहीत नाही. बोटीवरची दोन्ही तरंगायची जाकिटं तुमच्या मुलांच्या लहानपणची आहेत, माझ्या एका दंडातसुद्धा शिरत नाहीत. ती येणार असेल तर येताना एक मोठ्या मापाचं घेऊन ये म्हणावं. कुणासाठी असं तिनं विचारलं, तर सांगून टाका.